रेफरन्स जीनोममध्ये चूक दिसली तर काय करायचं: माणूस, म्हैस आणि बाकीचे प्राणी

बडोद्यात सिक्वेन्सिंगचा डेटा हाताळणारी मराठी मुलं-मुली आता बरीच भेटतात, कुणी युनिव्हर्सिटीत, कुणी खाजगी डायग्नोस्टिक लॅबमध्ये, कुणी रोज आणंदला अप-डाऊन करणारे, आणि सगळ्यांकडून फिरून फिरून तोच प्रश्न येतो की व्हेरियंट म्हणजे डीएनएमधला बदल दिसतोय पण पटत नाहीये, किंवा उलटं, पेशंटची लक्षणं सांगतात की इथे काहीतरी असायला हवं आणि फाईल मात्र कोरी. मग सॅम्पल परत मागवतात, लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए) परत करतात, पैसे परत घालतात. रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी आपला डेटा ताडून बघतो तो ठरलेला जीनोम, तपासायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण शिकवतानाच असं शिकवलेलं असतं की रेफरन्स म्हणजे प्रमाण, चूक असेल तर आपलीच. म्हणून हे लिहितेय. रेफरन्स ही सतत दुरुस्त होत राहणारी गोष्ट आहे, ती दुरुस्त करणारी माणसं आहेत, आणि आपल्याला सापडलेली चूक त्यांच्यापर्यंत नीट पोचवली तर ती खरंच सुधारते.

आधी एवढं समजून घ्या की मानवी रेफरन्स हा कुठल्या एका निरोगी माणसाचा जीनोम नाही. तो बऱ्याच जणांच्या डीएनएचे तुकडे जोडून झालाय, त्यातला साधारण ७० टक्के भाग आरपी११ नावाच्या एकाच लायब्ररीतून (इथे साठवलेल्या डीएनए तुकड्यांचा संग्रह) म्हणजे एकाच दात्याकडून आलाय, आणि हे दाते १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात पेपरात जाहिरात देऊन मिळवलेले. त्या माणसांच्या अंगात जे होतं ते रेफरन्समध्ये आलं, चांगलं-वाईट सगळं. याचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारा बदल. जीआरसीएच३७ या मानवी रेफरन्सच्या जुन्या आवृत्तीत त्या जागेवर रेफरन्सचा बेसच, म्हणजे डीएनएचं अक्षरच, लायडनवाला आहे! म्हणजे ज्या पेशंटच्या दोन्ही प्रतींत तो बदल आहे त्याची फाईल त्या जागी स्वच्छ दिसणार, कारण तो रेफरन्ससारखाच आहे, आणि ज्याला काहीच नाही त्याच्यात मात्र व्हेरियंट कॉल होणार. पुढच्या जीआरसीएच३८ आवृत्तीत हे दुरुस्त झालं. पण आजही कितीतरी लॅबमध्ये ३७ वरच काम चालतं, तेव्हा तिथे बसलेल्या प्रत्येकाला ही एक जागा तोंडपाठ पाहिजे.

तुमच्याकडे नक्की कुठला रेफरन्स आहे ते आधी बघा

फाईलच्या नावावर विश्वास ठेवू नका. फोल्डरमध्ये "ह्युमन फायनल" असं काहीतरी नाव दिलेली फाईल असते, ती कुणी कधी उतरवली कुणाला माहीत नसतं. सॅमटूल्स या टूलने बॅम फाईलचा (रेफरन्सवर बसवलेल्या डेटाची फाईल) हेडर उघडा आणि पहिल्या क्रोमोसोमची लांबी वाचा. २४,९२,५०,६२१ असेल तर जीआरसीएच३७ किंवा त्याचा एचजी१९ अवतार, २४,८९,५६,४२२ असेल तर जीआरसीएच३८, आणि २४,८३,८७,३२८ असेल तर टी२टी-सीएचएम१३ या नव्या सलग मानवी क्रमाची २.० आवृत्ती. उंदरावर काम करत असाल तर १९,५४,७१,९७१ म्हणजे जुना जीआरसीएम३८ आणि १९,५१,५४,२७९ म्हणजे २०२० साली आलेला जीआरसीएम३९. हे चार-पाच आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा, खूप भांडणं वाचतात.

मग मायटोकॉन्ड्रियाची लांबी बघा. १६,५६९ असेल तर सगळे वापरतात तो क्रम, १६,५७१ असेल तर तो एचजी१९ मधला जुना क्रम, आणि त्यावर केलेले मायटोकॉन्ड्रियाचे कॉल दुसऱ्या कुणाशी जुळणार नाहीत.

त्यानंतर आल्टर्नेट कॉन्टिग (पर्यायी सलग तुकडे) आहेत का ते. जीआरसीएच३८ मध्ये असे २६१ पर्यायी क्रम आहेत, म्हणजे ज्या जागांवर माणसामाणसांत इतका फरक आहे की एकच क्रम देऊन भागत नाही, एचएलएचा म्हणजे प्रतिकारशक्तीच्या जीनांचा भाग त्यातला सगळ्यात ठळक, तिथे दुसरी-तिसरी रूपंही दिलीयेत. कल्पना चांगलीच आहे पण तुमचा अलाइनर (रीड, म्हणजे मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे, रेफरन्सवर बसवणारं टूल) हे पर्याय ओळखणारा नसेल तर त्याला वाटतं की हा रीड दोन ठिकाणी तितकाच छान बसतोय, मग तो मॅपिंग क्वालिटी (जागेची खात्री) शून्य देतो आणि पुढे व्हेरियंट कॉलर तो रीड मोजतच नाही. त्यामुळे रोजच्या कामाला अमेरिकेच्या एनसीबीआय या डेटा संस्थेने दिलेला पर्यायी कॉन्टिग नसलेला ॲनालिसिस सेट घ्या, ज्यात वाय क्रोमोसोमवरचा एक्सशी जुळणारा भागही झाकलेला असतो. एचएलएचं काम वेगळ्या टूलने वेगळं करा.

संशयित जागा कशी तपासायची

आता मुख्य काम. समजा एका जीनमध्ये गडबड वाटतेय. आयजीव्ही (रीड दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, ती जागा लावा, आणि फक्त तुमचं सॅम्पल नाही तर त्याच बॅचमधली अजून चार-पाच, शक्यतो एकमेकांशी नातं नसलेली सॅम्पल खाली लावा. एकाच सॅम्पलमध्ये वेडंवाकडं दिसत असेल तर सॅम्पल बघा, सगळ्यांत सारखंच वेडंवाकडं दिसत असेल तर रेफरन्स बघा. ही एवढी सवय लागली तरी अर्धं काम झालं.

काय दिसतं त्यावरून चुकीचा प्रकार कळतो. एक प्रकार असा, की रीड्स आहेत पण सगळ्या पोकळ, आतून पांढऱ्या, कारण मॅपिंग क्वालिटी शून्य. जीआरसीएच३८ च्या २१ नंबर क्रोमोसोमवर हे स्वतः जाऊन बघा, सीबीएस जीन लावा. सीबीएसमधल्या बदलांनी होमोसिस्टिन्युरिया होतो, म्हणजे लहान मुलांच्या तपासणीत बघितला जाणारा जीन, आणि तिथे शॉर्ट रीड डेटामध्ये कव्हरेज (एका जागेवर किती रीड बसले ते) निम्म्याने पडलेलं आणि रीड्स पोकळ दिसतात. कारण त्याच क्रोमोसोमच्या आखूड भुजेवर या जीनची एक खोटी नक्कल असेंब्लीत, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या क्रमात, शिरलीये. प्रत्यक्षात ती कुठल्याच माणसात नाही. पण अलाइनरला कसं कळणार, तो अर्धे रीड इकडे अर्धे तिकडे टाकतो. यू२एएफ१ चंही हेच, जो रक्ताच्या कॅन्सरमध्ये बघतात, आणि केसीएनई१ चंही, जो हृदयाच्या लाँग क्यूटीमध्ये बघतात. एवढे महत्त्वाचे जीन वर्षानुवर्षं अंधारात राहिले आणि रिपोर्टवर "व्हेरियंट आढळला नाही" असं छापून जात राहिलं, याचं मला अजूनही वाईट वाटतं. उपाय सोपा आहे: रेफरन्स सांभाळणाऱ्या जीआरसीने या खोट्या नकला झाकायची बेड फाईल (जागांची यादी) दिलीये, त्या जागी एन (अज्ञात अक्षर) भरून रेफरन्स परत इंडेक्स करा आणि परत अलाईन करा. सगळा जीनोम परत अलाईन करण्याएवढी मशीन नसेल तर फिक्सइटफेलिक्स नावाचं टूल आहे, ते फक्त त्या भागातले रीड काढून परत बसवतं.

दुसरा प्रकार बरोबर उलटा. खऱ्या जीनोममध्ये दोन प्रती आहेत, रेफरन्समध्ये एकच दिलीये, त्यामुळे दोन्हींचे रीड एकावर एक चढतात. बाकीचं कव्हरेज ३० असेल तर इथे ६० दिसेल, आणि शे-दोनशे बेसच्या अंतराने हेटरोझायगस (दोन वेगळे बेस दिसणाऱ्या) जागा, सगळ्या सॅम्पलमध्ये, त्याच त्या ठिकाणी. एमएपी२के३ मध्ये असं दिसतं. इथे एक फार छान युक्ती आहे. सीएचएम१३ ही पेशी-ओळ एका हायडॅटिडिफॉर्म मोलमधून आलीये, म्हणजे तिच्यात आईचा जीनोम नाहीच, एकाच शुक्राणूचा जीनोम दुप्पट झालेला आहे. त्यामुळे तिच्यात हेटरोझायगस जागा असायलाच नको. तिचे रीड्स सार्वजनिक आहेत, ते उतरवून तुमच्या संशयित जागेवर अलाईन करा, आणि तिथे पन्नास-पन्नास टक्क्यांचे कॉल दिसले तर समजा की दोन वेगळ्या जागांचे रीड एकत्र कोंबले गेलेत. याच्याइतका साफ पुरावा दुसऱ्या कुठल्या मार्गाने पटकन मिळत नाही.

तिसरा प्रकार, साधा बेस चुकलेला किंवा रेफरन्समध्ये दुर्मिळ बेस आलेला. नोमॅडमध्ये (बऱ्याच लोकांतल्या व्हेरियंटचा सार्वजनिक डेटाबेस) त्या जागेची वारंवारता बघा, पर्यायी बेस जवळजवळ शंभर टक्के लोकांत असेल तर रेफरन्सच वेगळा पडलाय. पण इथे आपल्या लोकांचा डेटाही बघायला हवा. जीनोमइंडियाने १०,००० भारतीयांचे जीनोम केलेत आणि जानेवारी २०२५ पासून ते फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमार्फत, अर्ज करून, संशोधनाला मिळतात. दुर्मिळ बेस आणि चुकीचा बेस यात फरक आहे हे लक्षात ठेवा. एबीओ जीनमध्ये रेफरन्सकडे ओ गटाचा, एक बेस गळालेला क्रम आहे. ही चूक नव्हे, जगात ओ गटाची माणसं भरपूर आहेत, पण तुम्ही ए किंवा बी गटाच्या माणसाचा डेटा बघून "इन्सर्शन सापडलं" म्हणून नाचायला लागलात तर ते बरोबर नाही.

आणि चौथं म्हणजे गॅप. जीआरसीएच३८ मध्ये अजून १५ कोटींच्या वर बेस एन म्हणून पडलेत, सेंट्रोमिअरच्या आसपास आणि १३, १४, १५, २१, २२ या क्रोमोसोमच्या आखूड भुजांवर जास्त. गॅपच्या काठावर जे विचित्र कॉल दिसतात ते बहुतेक गॅपमधल्या न दिलेल्या क्रमाचे रीड असतात, जागा न मिळाल्याने शेजारी येऊन बसलेले. २०२२ मध्ये टी२टी वाल्यांनी सीएचएम१३ चा सलग क्रम दिला, जवळपास २० कोटी नवे बेस आले, आणि २०२३ मध्ये वाय क्रोमोसोमही पूर्ण झाला. तेव्हा काठावरची शंका असेल तर तोच डेटा एकदा सीएचएम१३ वर बसवून बघा, शंका जागेवर मिटते.

हे सगळं बघताना एक खबरदारी घ्या, नाहीतर जिथेतिथे चुकाच दिसायला लागतील. काही फरक खरे असतात. ८ नंबर क्रोमोसोमवर ८पी२३.१ इथे सुमारे ४० लाख बेसचा तुकडा कितीतरी माणसांत उलटा असतो, १७क्यू२१.३१ इथेही सुमारे ९ लाखांचा तसाच. ते माणसांमाणसांतलं वैविध्य झालं. म्हणून एका माणसाच्या डेटावर कधी निकाल देऊ नका. २०२३ च्या मानवी पॅनजीनोममध्ये (बऱ्याच माणसांचे जीनोम एकत्र केलेला रेफरन्स) ४७ जणांचे, म्हणजे ९४ हॅप्लोटाइप (आई किंवा बापाकडून आलेली एकेक प्रत) आहेत, तुमच्या जागेच्या दोन्ही बाजूंचे लाखभर बेस घेऊन मिनिमॅप२ ने त्या सगळ्यांवर बसवा आणि मोजा. सगळे हॅप्लोटाइप एका बाजूला आणि रेफरन्स एकटा दुसऱ्या बाजूला असेल तर चूक. काही इकडे काही तिकडे असतील तर वैविध्य, ते पर्यायी क्रमाच्या रूपाने नोंदवायचं.

चूक कळवायची कशी

इथे आपले लोक थांबतात. स्वतःच्या फोल्डरमध्ये रेफरन्सची फाईल दुरुस्त करतात, नावापुढे "न्यू" लावतात, आणि संपलं. असं करू नका हो, अगदी कळकळीने सांगतेय. तुमच्या त्या फाईलवर केलेलं काम दुसऱ्या कुणाला पडताळता येत नाही, तुम्ही लॅब सोडली की ती दुरुस्ती गेली, आणि तीच चूक शोधायला ग्वाल्हेरला किंवा इंदूरला दुसरं कुणीतरी परत तेवढेच दिवस घालवतं.

माणूस, उंदीर, झेब्राफिश, कोंबडी आणि प्रयोगशाळेतला रॅट यांचे रेफरन्स जीनोम रेफरन्स कन्सॉर्शियम म्हणजे जीआरसी सांभाळतं, ज्यात इंग्लंडची वेलकम सँगर इन्स्टिट्यूट, सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, एनसीबीआय, ईबीआय अशा संस्था आहेत. त्यांच्याकडे आधी नोंदलेल्या तक्रारी जागेनुसार बघता येतात, माणसाच्या तक्रारींचे नंबर एचजीने सुरू होतात, उंदराच्या एमजीने, झेब्राफिशच्या झेडजीने. तुमची जागा आधीच नोंदलेली आहे का बघा. असेल तर तुमचा पुरावा त्यात जोडायला पाठवा, नवीन तक्रार नको.

नवीन असेल तर लिहिताना गोष्ट सांगत बसू नका. असेंब्लीचा ॲक्सेशन नंबर (डेटाबेसमधला ओळख क्रमांक) आवृत्तीसकट द्या, नुसतं "ह्युमन जीनोम" म्हणून काही कळत नाही. क्रोमोसोम, सुरुवात, शेवट. तिथे काय आहे आणि काय असायला हवं असं तुम्हाला वाटतं, दोन वाक्यांत. मग पुरावा, निदान दोन वेगळ्या तंत्रांचा, म्हणजे हायफाय (लांब आणि अचूक) रीड आणि नॅनोपोर (दुसऱ्या तंत्राचे लांब रीड), किंवा हायफाय आणि ऑप्टिकल मॅप (लांब डीएनएवरच्या खुणांचा नकाशा), आणि एकापेक्षा जास्त माणसांचा. रीड्स सार्वजनिक असतील तर त्यांचे ॲक्सेशन नंबर, म्हणजे तक्रार तपासणाऱ्या क्युरेटरला स्वतः उघडून बघता येतं. स्क्रीनशॉट जोडा पण स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका. पेशंटचा डेटा मात्र चुकूनही पाठवायचा नाही, त्याच्या संमतीपत्रात हे कुठेच नसतं. पेशंटमध्ये चूक सापडली तरी पुरावा सार्वजनिक सॅम्पलमधून तयार करा, चूक रेफरन्सची असेल तर ती तिथेही दिसणारच.

पुढे काय होतं तेही माहीत पाहिजे. क्युरेटरला पटलं तर दुरुस्ती पॅच म्हणून येते. सात-बाराच्या उताऱ्यावर फेरफार नोंद चढते पण गट नंबर तोच राहतो ना, पॅचचं तसंच आहे: क्रोमोसोमचा मूळ क्रम आणि त्यावरचे आकडे हलत नाहीत, दुरुस्त तुकडा वेगळा जोडून दिला जातो आणि तो कुठे बसतो ते सांगितलं जातं. पॅच दोन जातीचे, फिक्स म्हणजे चूक सुधारणारा, नॉव्हेल म्हणजे नवीन पर्यायी रूप देणारा. जीआरसीएच३८ आलं डिसेंबर २०१३ मध्ये आणि त्याचा चौदावा पॅच संच २०२२ मध्ये आला. पूर्ण नवी आवृत्ती जीआरसीएच३९ त्यांनी बेमुदत पुढे ढकललीये, कारण टी२टी आणि पॅनजीनोममुळे रेफरन्सचं रूपच बदलायला लागलंय. म्हणून माणसावर काम करणाऱ्यांनी फिक्स पॅचची यादी एकदा स्वतःच्या जीन पॅनेलशी पडताळून बघावीच, बेडटूल्सने पाच मिनिटांचं काम आहे, आणि किती जीन त्यात निघतात बघून तुम्हाला धक्का बसेल. सीएचएम१३ मधल्या चुकांसाठी गिटहबवर वेगळी नोंदवही आहे, तिथे कळवायचं.

आवृत्ती बदलताना लिफ्टओव्हरने जुन्या आवृत्तीतले जागांचे आकडे नव्या आवृत्तीत फिरवून मोकळं व्हायचा मोह होतो. रिसर्चमध्ये झटपट तुलना करायला ठीक. पण पेशंटच्या रिपोर्टला फास्टक्यूपासून, म्हणजे कच्च्या रीड्सपासून, परत अलाईन करा, कारण जिथे रेफरन्सचा बेसच बदललाय तिथे, वर सांगितलेल्या फॅक्टर फाइव्हसारख्या जागी, नुसते आकडे फिरवून रेफरन्स आणि पर्यायी बेसची अदलाबदल राहून जाते आणि नेमकी महत्त्वाची जागाच चुकते.

म्हशीचं काम, म्हणजे आपल्या दाराशी असलेलं

प्राण्यांच्या बाबतीत जीआरसीसारखं छत्र फारच थोड्या जातींना आहे. बाकी सगळीकडे ज्याने असेंब्ली केली त्यानेच ती सांभाळायची. आपल्याकडे बघा, सुरती म्हशीचं मूळ गावच मुळी खेडा आणि बडोद्याचा हा पट्टा, मही आणि साबरमतीच्या मधला. म्हशीच्या असेंब्लीत २०१९ मध्ये छापून आलेली भूमध्य समुद्राकडच्या म्हशीची यूओए_डब्ल्यूबी_१ आहे, आणि आपल्या शेजारच्या आणंदच्या एनडीडीबीने (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ) आई, बाप आणि वासरू अशा तिघांचा डेटा वापरून केलेली मुऱ्हा म्हशीची आहे. सुरतीसाठी स्वतःची असेंब्ली करायला बसाल, किंवा असलेली सुधारायला, तर या गोष्टी धरून चला.

जनावर निवडताना रेडकू नर घ्या म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही मिळतील, आणि त्याच्या आई-बापाचंही थोडं रक्त घेऊन ठेवा म्हणजे दोन्ही हॅप्लोटाइप वेगळे काढता येतात. जातीची खात्री नुसत्या शिंगांवरून आणि गळ्याखालच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून करू नका, वंशावळीची नोंद असलेल्या कळपातलं जनावर बघा. रक्त ईडीटीएच्या नळीत, ताबडतोब बर्फावर. मे महिन्यात इथलं ऊन काय असतं तुम्हाला माहितीये, दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या नळीतून लांब डीएनए मिळायचा नाही. सस्तन प्राण्यांच्या लाल पेशींत केंद्रक नसतं, डीएनए सगळा पांढऱ्या पेशींतून येतो, म्हणून रक्त भरपूर लागतं. कोंबडीचं किंवा मगरीचं उलटं, त्यांच्या लाल पेशींतही केंद्रक असतं, थेंबभर पुरतं. (विश्वामित्रीच्या मगरींवर काम करायची इच्छा बऱ्याच जणांना होते, मलाही आहे, पण मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय थेंबालाही हात लावायचा नाही.) डीएनए काढताना व्हॉर्टेक्स नको, रुंद तोंडाच्या टिप वापरा, हळू हात ठेवा. पुढचं कितीही चांगलं सॉफ्टवेअर इथे तुटलेला डीएनए जोडून देऊ शकत नाही.

डेटा हायफायचा ३० पटीच्या पुढे, सोबत हाय-सी (पेशीत डीएनएचे कुठले भाग एकमेकांजवळ असतात ते सांगणारा डेटा), जमलं तर लांब नॅनोपोर रीड. असेंब्ली हायफायअॅझमने करा, परदेशी घाण म्हणजे बॅक्टेरिया आणि ॲडाप्टर एनसीबीआयच्या एफसीएसने काढा, उरलेल्या जोडनकला पर्ज-डप्सने, स्कॅफोल्डिंग (तुकडे क्रमाने लावणं) याह्सने. हा भाग मी पटकन उरकतेय कारण यातलं सगळं यंत्र करतं आणि सूचना सगळीकडे मिळतात. यंत्र जे करत नाही ते पुढे आहे, आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडून सबमिट करतात.

हाय-सीचा नकाशा प्रीटेक्स्टव्ह्यूमध्ये उघडा. चौकोनभर कर्णरेषेवर गडद ठिपके दिसले पाहिजेत, प्रत्येक क्रोमोसोमचा एक स्वच्छ चौकोन, कारण जीनोममध्ये जवळ असलेले भाग पेशीतही एकमेकांना जास्त भेटतात. आता कर्णावरून हळूहळू खाली सरका. एखाद्या ठिकाणी कर्ण एकदम फिका पडून तुटतो आणि त्याच तुकड्याचा गडद डाग दूर दुसऱ्या क्रोमोसोमच्या चौकोनाजवळ दिसतो, म्हणजे तो तुकडा चुकीच्या जागी जोडलाय, कापा आणि तिकडे नेऊन लावा. दुसरीकडे कर्ण नीट आहे पण त्याला काटकोनात छेदणारी एक रेघ दिसते, म्हणजे तो भाग उलटा बसलाय, फिरवा आणि बघा रेघ जाऊन कर्ण सलग होतो का. एखादा छोटा तुकडा असतो ज्याला स्वतःचा कर्ण फिका आणि शेजाऱ्याशी समांतर एक रेघ, ती बहुतेक दुसऱ्या हॅप्लोटाइपची राहिलेली नक्कल, कव्हरेज निम्मं आहे का बघून बाजूला काढा. एक्स आणि वायचं कव्हरेज नरात तसंही निम्मंच असतं, त्यांना नक्कल समजून काढून टाकू नका! आणि प्रत्येक कापण्या-जोडण्याची नोंद ठेवा, कुठे कापलं, का कापलं.

म्हशीत मोठा सापळा म्हणजे गाय. गायीचा रेफरन्स एआरएस-यूसीडी, डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गायीचा, फार छान आहे, म्हणून लोक रॅगटॅगने म्हशीचे कॉन्टिग सरळ त्यावर रचतात. पण गायीला ६० क्रोमोसोम आणि आपल्या नदीच्या म्हशीला ५०. म्हशीचे पहिले पाच क्रोमोसोम गायीच्या दोन-दोन क्रोमोसोमच्या जोडणीतून झालेत, पहिला म्हणजे गायीचा १ आणि २७, दुसरा २ आणि २३, तिसरा ८ आणि १९, चौथा ५ आणि २८, पाचवा १६ आणि २९. गायीवर रचलंत की हे पाचही तुटणार आणि म्हशीतले खरे उलटे भाग गायीसारखे सरळ होऊन बसणार, आणि मग कुणीतरी पेपर लिहिणार की गाय आणि म्हैस यांच्यात क्रम किती टिकून राहिलाय. म्हणून रचना हाय-सीवरूनच करा, गाय फक्त शेवटी नावं देताना आणि दिशा ठरवताना बघा. आसामकडच्या दलदली म्हशीला तर ४८ असतात, तिथे अजून एक जोडणी आहे, तेव्हा ईशान्येकडचा डेटा आपल्यात मिसळताना ते ध्यानात ठेवा.

मग मोजमाप. मर्क्युरी टूलने क्यूव्ही (अचूकतेचा आकडा) काढा: ४० म्हणजे दहा हजारांत एक चूक, ५० म्हणजे लाखात एक, ६० म्हणजे दहा लाखांत एक. व्हर्टिब्रेट जीनोम्स प्रोजेक्टने किमान ४० ठेवलं होतं, आता हायफायने त्याच्या बरंच वर जाता येतं, तेव्हा ४० वर समाधान मानू नका. बस्कोमध्ये (ठरलेले जीन असेंब्लीत आलेत का ते मोजणारं टूल) सस्तन प्राण्यांच्या ओडीबी१० संचात ९,२२६ जीन असतात, "पूर्ण" किती आलं यापेक्षा "दुहेरी" किती आलं ते जास्त बारकाईने बघा, दुहेरी आकडा फुगलेला असेल तर नकला राहिल्यात. क्रोमोसोमच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजीची माळ आहे का शोधा, मध्येच कुठे सापडली तर तिथे काहीतरी उलटं जोडलंय का हे नकाशावर परत जाऊन बघा. एन५० चा, म्हणजे तुकडे किती लांब जोडले गेले त्याचा, आकडा पेपरात छान दिसतो पण चुकीचं जोडलं तरी तो वाढतोच, त्यामुळे एकट्या त्याच्या जोरावर असेंब्ली चांगली म्हणू नका.

सबमिट करताना गॅपची लांबी माहीत नसेल तर १०० एन टाका आणि एजीपी फाईलमध्ये (तुकड्यांची मांडणी सांगणारी) तो अज्ञात लांबीचा गॅप म्हणूनच सांगा, अंदाजे आकडा लिहू नका, पुढचा माणूस तो खरा धरून चालतो. जात, लिंग, गाव, कळप, आई-बापाचा सॅम्पल नंबर हे सगळं बायोसॅम्पल म्हणजे सॅम्पलच्या नोंदीत भरा. कच्चे रीड्सही टाका, फरीदाबादच्या इंडियन न्यूक्लिओटाइड डेटा अर्काइव्हमध्ये किंवा एनसीबीआयला, कारण उद्या चूक शोधायची तर रीड्सशिवाय कुणी काही करू शकत नाही. दुरुस्त केलेली असेंब्ली त्याच ॲक्सेशनची पुढची आवृत्ती म्हणून चढवा, .१ ची .२, नवीन नावाने वेगळी नको, नाहीतर जुनी चुकीची तशीच फिरत राहते. सोबत एक साधी फाईल द्या, जुन्या आणि नव्या आकड्यांची चेन फाईल आणि बदलांची यादी. आणि संपर्काला विद्यार्थ्याचा ईमेल न देता लॅबचा कायमचा ईमेल द्या, म्हणजे तीन वर्षांनी आणंदहून किंवा महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून कुणी चूक कळवली तर ती वाचायला तिथे कुणीतरी असेल.